कागदाचा पांढरा जपा: आंद्रियाकांच्या जलरंगांवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात रशियन चित्रकार सेर्गेई आंद्रियाका यांच्या थरांच्या जलरंगांवर लेख आला होता. थर म्हणजे एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एक हात, पूर्ण वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि तरीही तळाच्या कागदाचा उजेड मरू द्यायचा नाही. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं चित्रकाराबद्दल होती आणि निम्मी मुंबईच्या पावसाबद्दल. दोन्हींची उत्तरं एकत्रच देत आहोत.

लेखात त्यांना अष्टपैलू म्हटलं आहे, पण छापलेली सगळी चित्रं जलरंगातलीच होती. मग त्यांनी आणखी काय केलं? (लालबागहून एक वाचक)

आंद्रियाका यांचा जन्म १४ जुलै १९५८ चा, मॉस्कोतला. वडील निकोलाय आंद्रियाका हेही चित्रकार, आणि मॉस्कोतल्या मुलांच्या कलाशाळेचे संचालक. त्याच शाळेत शिकून सेर्गेई पुढे मॉस्कोच्याच सुरिकोव्ह कलासंस्थेत गेले आणि १९८२ मध्ये तिथून बाहेर पडले. त्या काळात सोव्हिएत कलासंस्थांमध्ये मान होता तो मोठ्या तैलचित्राला. जलरंग म्हणजे स्केच करायचं, नोंद घ्यायचं साधन. यांनी मात्र जलरंगच मुख्य माध्यम धरलं आणि तैलचित्राएवढ्या मोठ्या आकारात, तेवढ्याच पूर्णतेने ते हाताळलं. मॉस्कोच्या जुन्या गल्ल्या, मठ आणि चर्चचे घुमट, बर्फ, फुलं, स्टिल लाइफ, व्यक्तिचित्रं असे त्यांचे विषय होते.

१९९९ मध्ये मॉस्कोत त्यांनी स्वतःची जलरंगशाळा सुरू केली आणि २०१२ मध्ये जलरंग व ललितकला अकादमी उघडली. रशियाच्या 'कुल्तूरा' या सरकारी टीव्ही वाहिनीवर ते चित्रकलेचे धडे देत. 'रशियाचे जनतेचे कलावंत' (पीपल्स आर्टिस्ट) हा तिथला मोठा किताब त्यांना मिळाला होता. मे २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता अष्टपैलूपणाचं. जलरंगाबरोबर ते पेस्टल, सिरॅमिक, मोझेक, धातूवरची भाजलेली मीनाकारी आणि रंगीत काचेच्या खिडक्या ही कामंही करत. ही यादी वाचली की पाचपंचवीस ठिकाणी हात मारलेला माणूस वाटतो. तसं नाही. स्टेन्ड ग्लासमध्ये उजेड काचेतून आरपार येतो. पारदर्शक मीनाकारीत तो रंगातून खाली जातो आणि पांढऱ्या थरावर किंवा चकचकीत धातूवर आपटून परततो. जलरंगात तेच काम पांढरा कागद करतो. माध्यमं वेगळी, पण उजेड रंगातून जाऊन डोळ्यांपर्यंत पोचला पाहिजे ही अट एकच. त्यांची मीनाकारी आणि त्यांचे जलरंग शेजारी ठेवून पाहिले तर हे पटेल.

थर द्यायचे म्हणजे नेमकं काय करायचं? क्रम आणि प्रमाण सांगाल का? (कलाविद्यार्थिनी, फोर्ट)

एक सोपी मांडणी घेऊ: पितळी तांब्या, दोन लिंबं आणि खाली गडद निळं कापड. कागद अर्धा इम्पीरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच, ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटन, थोडा खरखरीत.

सगळ्यात आधी रेखाटन, पण ते वेगळ्या साध्या कागदावर. तिथे वाटेल तेवढं खोडा. ते पक्कं झालं की खिडकीच्या काचेवर धरून एचबी पेन्सिलीने, हात हलका ठेवून, चांगल्या कागदावर उतरवा. चांगल्या कागदावर रबर फिरलं की वरचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच आत शिरू न देणारा लेप, खरवडलं जातं. तिथला कागद रंग अधाशासारखा पितो आणि पहिल्याच वॉशमध्ये काळपट ठिगळ दिसतं. चित्र कोरं असताना ते कळत नाही, म्हणून लोक रंगाला दोष देतात. उतरवताना हायलाइटचे, म्हणजे सर्वांत चकाकणाऱ्या जागांचे, आकारही आखून घ्या. तांब्याच्या गळ्यावरची उभी रेघ, पोटावरचा खिडकीचा चौकोन, लिंबाच्या सालीवरचा ठिपका. पुढे दिवसभर हीच जागा वाचवायची आहे, कारण पांढरा रंग वापरायचा नाही.

पहिला थर. मटारच्या दाण्याएवढा रंग आणि तीन चहाचे चमचे पाणी, असं प्रत्येक मुख्य रंगाचं मिश्रण वेगवेगळ्या वाटीत आधीच तयार ठेवा. वॉश सुरू झाल्यावर रंग कालवायला थांबलात तर कड सुकते. बोर्डाखाली दोन जाड पुस्तकं ठेवून उतार द्या. मोठा गोल ब्रश, बारा नंबर किंवा त्याहून मोठा, भरून घ्या आणि वरून खाली या. ब्रशच्या पुढे रंगाचा ओला ओघळ सतत राहिला पाहिजे. लिंबाला पिवळा, तांब्याला गेरूकडे झुकणारा पिवळा, कापडाला अगदी फिका निळा, त्यात किंचित गुलाबी. एका वस्तूतून दुसरीत जाताना कडा ओल्याच मिळू द्या. सावलीच्या बाजूला तर मिळाल्याच पाहिजेत. हा थर चित्रात सर्वांत उजळ आणि सर्वांत उबदार असतो. तो दिल्यावर चित्र धुक्यात ठेवल्यासारखं दिसेल. तसंच दिसायला हवं.

दुसरा थर पहिला पूर्ण वाळल्यावर. मटाराच्या दाण्याएवढ्याच रंगात आता दीड चमचा पाणी. उजेडाची बाजू सोडून द्या, तिथे पहिला थरच राहणार. अर्धछाया, सावलीचे मोठे आकार, कापडाच्या मुख्य घड्या एवढंच घ्या. तांब्याच्या पोटावर लिंबाचा पिवळा कवडसा पडलेला असतो, तो दुसऱ्या थरात झाकायचा नाही. तो पहिल्या थरातूनच दिसत राहिला की पितळ आतून तेजाळल्यासारखं वाटतं. वरून पिवळा ठिपका लावून तो परिणाम येत नाही. दुसऱ्या थराची कड जिथे विरघळायला हवी, तिथे रंग ओला असतानाच स्वच्छ पाण्याने नुसता दमट केलेला ब्रश कडेने एकदाच फिरवा. दोनदा फिरवलात तर खालचा थर उचलला जातो.

तिसऱ्या थरात अर्धा चमचा पाणी, ब्रश चार-सहा नंबरचा. तांब्याच्या बुडाखालची सावली, गळ्याची खोबण, लिंबाच्या देठाजवळचा खळगा, कापडातल्या सर्वांत खोल घड्या. इथे हात आवरा. तिसरा थर चित्राच्या एक चतुर्थांशाहून जास्त जागेवर गेला तर बहुतेक वेळा चित्र जड होतं. क्वचित चौथा थर लागतो, एखादी सावली अजून खोल करायला. पाचव्याची गरज वाटली तर चूक दुसऱ्या थरात झालेली असते.

वाळल्यावर जलरंग फिका पडतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण पहिल्या थरात त्याची भीती वाटून लोक रंग दाट घेतात. घेऊ नका. गडद करायला पुढे दोन थर आहेत, उजळ करायला एकही नाही.

माझ्या चित्रात दुसऱ्या थरानंतर रंग मळतात. ब्रश, पाणी सगळं स्वच्छ असतं. (ठाण्याहून)

कारणं चार. पहिलं आणि नेहमीचं म्हणजे खालचा थर वाळलेला नसतो. वरून कोरडा दिसतो, आत ओल असते. हाताची मागची बाजू कागदाला टेकवा. गार लागला तर अजून बाष्प निघतं आहे. खोलीइतकाच वाटला तर पुढे जा.

दुसरं कारण रंगद्रव्य. अल्ट्रामरीन, कोबाल्टसारखे रंग कागदाच्या वर बसतात, वरचं पाणी आलं की सहज उठतात. थॅलो निळा, क्विनाक्रिडोन गुलाबी हे तंतूंत रुततात, ते हलत नाहीत. म्हणून पहिल्या थरात रुतणारे रंग, अगदी पातळ करून, आणि उठणारे शेवटी, हा क्रम सोयीचा.

तिसरं: वरच्या थरात अपारदर्शक रंग. कॅडमियम, सेरुलियन, इंडियन रेड, नेपल्स यलो हे खालचा उजेड बुजवतात. तपासणी सोपी आहे. पाण्याने न विरघळणाऱ्या काळ्या पेनाने जाड रेघ मारा, ती वाळू द्या आणि तिच्यावरून प्रत्येक रंगाचा दाट पट्टा ओढा. वाळल्यावर रेघेवर साय धरल्यासारखी दिसली तर तो रंग फक्त पहिल्या थरात वापरा, किंवा बाजूला ठेवा. ट्यूबवरच्या नावावर विसंबू नका, रंगद्रव्याचा क्रमांक पाहा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीव्ही १९ म्हणजे क्विनाक्रिडोन गुलाबी किंवा जांभळा. एका ट्यूबमध्ये तीन-तीन क्रमांक असतील तर तो रंग आधीच मिश्र आहे. त्यावर आणखी दोन थर चढवले की राखाडी होणारच.

चौथं म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा ब्रश. एक जागा, एक फटकारा.

आणि पाण्याचं म्हणाल तर महापालिकेचं पाणी तलावांचं, त्यामुळे मऊ, जलरंगाला उत्तम. टँकरचं किंवा बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातल्या क्षारांमुळे काही रंगांचे कण गुठळी धरतात आणि गुळगुळीत वॉश दाणेदार होतो. अशा इमारतीत राहत असाल तर रंगकामासाठी एक बाटली पिण्याचं पाणी वेगळी ठेवा.

जून ते सप्टेंबर थर वाळतच नाहीत. हेअर ड्रायर चालेल का? आणि गेल्या पावसात नव्या कागदावर वॉश दिल्यावर गडद ठिपके उठले, ते कशाने? (कलाशिक्षिका, विरार)

आधी ठिपक्यांचं, कारण ते दुरुस्त होत नाहीत. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनचं किंवा स्टार्चचं सायझिंग असतं. त्यामुळे रंग वर थोडा वेळ तरंगतो. दमट हवेत बुरशी ते खाते. कागद डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण जिथलं सायझिंग गेलं तिथे तो टिपकागदासारखा वागतो. म्हणून पावसाळ्यात ठेवलेल्या प्रत्येक कागदाचा कोपरा आधी ओल्या ब्रशने तपासा. पाणी वर चमकत राहिलं तर कागद चांगला. लगेच आत शिरून गडद गोळे दिसले तर तो कागद सरावाला ठेवा. मे महिन्यातच सगळे कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसह, हवा काढून टेपने बंद करा. पलंगाखाली नको, बाहेरच्या भिंतीला लागून तर नकोच. कपाटाचा वरचा कप्पा बरा. जेलचे रंगीत दाणे रंग बदलू लागले की सुकवून पुन्हा वापरा.

हातकागदाबद्दलही काहींनी विचारलं आहे. हातकागद सुंदर असतो, पण त्याचं सायझिंग गठ्ठ्यागणिक बदलतं. थरांच्या कामासाठी घ्यायचा असेल तर आधी एक ताव आणा, त्यावर तीन वॉश देऊन पाहा, मग बाकीचे त्याच गठ्ठ्यातून घ्या.

हेअर ड्रायर चालतो, पण वॉशची चमक पूर्ण गेल्यावरच. चमक असताना लावला तर हवेचा झोत ओलं पाणी ढकलतो आणि फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या कडांचे डाग पडतात. एक फूट अंतर, मंद गरम हवा, हात फिरता. मग कागद गार होऊ द्या, पाचेक मिनिटं तरी. ही पायरी सगळे विसरतात. तापलेल्या कागदावर नवा वॉश टाकला तर तो ब्रशमागेच सुकतो आणि पट्टे उमटतात. शक्य असेल तर खोली बंद करून एसी ड्राय मोडवर ठेवा. ड्रायरपेक्षा तो बरा, कारण कागद सगळीकडून सारखा वाळतो.

कागद ताणून घेण्याचा वेळही पावसात वाढतो. कागद टबमध्ये पाच ते आठ मिनिटं भिजवा, उचलून पाणी निथळू द्या, १२ मिलिमीटर प्लायवर पसरा आणि दोन इंची तपकिरी कागदी गम टेपने चारही कडा चिकटवा. टेपला पाणी स्पंजने नुसतं पुसायचं. ओता-ओती केली तर गोंद धुऊन जातो आणि रात्री एक बाजू सुटते. बोर्ड आडवाच ठेवा. उभा ठेवला की पाणी खालच्या कडेला जमतं आणि तीच टेप आधी निघते. पंख्याखाली रात्रभर ठेवून सकाळी काम सुरू करा.

मास्किंग फ्लुइडचा, म्हणजे पांढरी जागा झाकून ठेवणाऱ्या रबरी द्रवाचा, मोह टाळा. आपल्या उकाड्यात ते दोन-तीन दिवस कागदावर राहिलं तर घट्ट बसतं आणि काढताना कागदाची साल निघते. शिवाय त्याने सोडलेला पांढरा आकार कडक कडेचा असतो. ब्रशने वळसा घालून सोडलेला पांढरा जिवंत वाटतो.

रशियन 'व्हाइट नाइट्स' रंग घेतले. वड्या चिकट झाल्या आणि दोन वड्यांवर बुरशी आली. रंग खराब आले का? (बोरिवली)

नाही. सेंट पीटर्सबर्गच्या नेव्हस्काया पालित्रा कारखान्याच्या या वड्या मुळातच मऊ असतात, अडीच मिलिलिटरच्या. थंड कोरड्या हवेत हा त्यांचा गुण आहे, ब्रश टेकवताच रंग मिळतो. मुंबईत तोच मऊपणा ओल धरतो, आणि रंग बांधून ठेवणाऱ्या डिंकावर बुरशी पोसली जाते. काम झाल्यावर वड्यांवरचं पाणी टिपून पेटी उघडी ठेवून पंख्याखाली दोन तास सुकवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. बुरशी आलेल्या वडीचा वरचा थर ओल्या कापडाने पुसून टाकून द्या, खालचा रंग वापरता येतो. वेष्टणावर टिकाऊपणाच्या तारका छापलेल्या असतात. एकच तारका असलेला रंग चित्रात नको.

बजेट कमी असेल तर रंगांवर नाही, कागदावर खर्च करा. पाच-सहा रंग पुरतात, बहुतेक पारदर्शक: एक थंड (लिंबाकडे झुकणारा) पिवळा, क्विनाक्रिडोन गुलाबी, अल्ट्रामरीन, थॅलो निळा, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. भारतीय कंपन्यांच्या आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूबही चालतात. स्टुडंट दर्जाच्या नकोत, त्यांत रंगद्रव्य कमी आणि भरणा जास्त, आणि तो भरणाच तिसऱ्या थरात साय होऊन वर येतो.

आमच्या वर्गात सांगतात की जलरंग एका दमात, ओल्यावर ओला. इतकी घोटाई म्हणजे फोटोची नक्कल नाही का? (दादर)

प्रश्न रास्त आहे आणि रशियातही तो वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात प्योत्र सोकोलोव्ह यांनी जलरंगात बारीक थरांची व्यक्तिचित्रं केली, लुइजी प्रेमात्सी यांनी राजवाड्यांची दालनं रंगवली. आंद्रियाकांनी जी पद्धत पुन्हा उभी केली ती या परंपरेतली. त्याच देशात विसाव्या शतकात आर्तुर फोन्विझिन पेन्सिलची एकही रेघ न मारता, ओल्या कागदावर थेट रंग सोडून चित्र करत. दोन्ही वाटा जलरंगाच्याच.

आपल्याकडे स्पॉटवर बसून तासाभरात चित्र पूर्ण करायची सवय दांडगी आहे आणि तिचा अभिमान योग्यच आहे. पण मुंबईचीच दुसरी ओळख विसरू नका. सावळाराम हळदणकर जे.जे.मध्ये शिकले. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगात आहे हे सांगितल्याशिवाय पटत नाही. दिव्याच्या ज्योतीचा प्रकाश बोटांतून गळतो आणि चेहऱ्यावर पसरतो. एका दमात ते होत नाही.

तरीही तुमच्या वर्गातल्या आक्षेपात तथ्य आहे. आंद्रियाकांच्या काही चित्रांत तपशील इतके भरलेले आहेत की डोळ्याला विसावा मिळत नाही, आणि अशी चित्रं आम्हालाही फोटोसारखीच वाटतात. त्यांची उत्तम चित्रं वेगळी असतात. बर्फाच्या दृश्यांत मोठमोठ्या जागा फक्त पहिल्या थरावर सोडलेल्या असतात, ओल्यावर ओलं वाहू दिलेलं असतं आणि तिसरा थर अगदी मोजक्या ठिकाणी येतो. म्हणजे एका दमातला वॉश त्यांच्याकडेही आहे, तो सगळ्यात खाली आहे. ओल्यावर ओला काम चांगलं येत असेल तर तुमचा पहिला थर आधीच तयार आहे.

चित्र फ्रेम केलं, दोन पावसांत तपकिरी ठिपके पडले. (माहीम)

काच चित्राला टेकली होती का ते पाहा. जलरंग आणि काच यांच्यात हवा हवीच. दोन ते चार मिलिमीटर जाडीचा आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावला की ती मिळते. फ्रेमवाल्याला 'ॲसिड-फ्री' असं स्पष्ट सांगा, नाहीतर साधा पुठ्ठा लागतो आणि कापलेली कड दोनेक वर्षांत पिवळी पडते. चित्र माउंटला पूर्ण चिकटवू देऊ नका. वरच्या बाजूला कागदी बिजागऱ्यांनी दोन ठिकाणी टांगायचं, म्हणजे दमट हवेत कागद फुगला तरी त्याला हलायला जागा मिळते. मागे हार्डबोर्ड थेट नको, मध्ये आम्लविरहित कागद. कडा टेपने बंद. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बुडं लावा, भिंतीपासून सुटी राहील.

समुद्राकडची, पाऊस झोडपणारी बाहेरची भिंत टाळा. ऑगस्टमध्ये ती आतून ओल धरते. उन्हाचा पट्टा येणारी भिंतही नको. पडलेले ठिपके घरी ब्लीचने काढायचा प्रयत्न कृपया करू नका. ब्लीच कागद कमजोर करतं आणि रंगही उडवतं. चित्र मोलाचं असेल तर कागदाच्या जतनाचं काम जाणणाऱ्याकडेच द्या. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलाजतन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. तोपर्यंत फ्रेम उघडा, काच काढा आणि चित्र दोन दिवस कोरड्या खोलीत, उताणं, मोकळं ठेवा.